‘धाकटं भावंड’ नेमकं कोण? सर्सीच्या भविष्यवाणीचं काय करायचं

प्रश्न असा आहे: जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ची पाचही पुस्तकं वाचून झाली, त्यांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिकाही बघून झाली. भविष्यवाणीनुसार राणी सर्सीचा गळा आवळणारा ‘वालोंकार’ तिचा धाकटा भाऊ टिरियन की जुळा जेमी? की स्टार्क घराण्यातली आर्या, योद्धा सँडॉर ऊर्फ ‘हाउंड’, सर्सीचाच मुलगा टॉमेन वगैरे थिअऱ्यांपैकी एखादी खरी? आणि मालिकेत ती ढिगाऱ्याखाली मेली, मग भविष्यवाणीला काही अर्थ उरतो का?

माझं मत आधीच सांगून टाकतो: जेमी. पण नुसतं ‘जेमी’ म्हणणाऱ्या बहुतेक थिअऱ्या मला अर्धवट वाटतात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मी कथांचं संपादन करतो. दुसऱ्यांच्या हस्तलिखितात पेरलेलं कुठे उगवलं आणि कुठे विसरून गेलं, हे शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या पुस्तकांकडेही मी त्याच खोडीने बघतो.

आधी मूळ प्रसंग. चौथ्या पुस्तकात, म्हणजे 2005 च्या ‘अ फीस्ट फॉर क्रोज’मध्ये, सर्सीला तो आठवतो. राजपुत्र व्हिसेरिसच्या जन्मानिमित्त सर्सीचा बाप टायविन लॅनिस्टरने लॅनिसपोर्टला स्पर्धा भरवली आहे, सर्सी दहा वर्षांची आहे. दोन मैत्रिणींना घेऊन ती मॅगी द फ्रॉग नावाच्या म्हातारीच्या तंबूत शिरते. एक मैत्रीण घाबरून पळते. मॅगी रक्ताचा थेंब चाखते आणि तीन प्रश्नांची उत्तरं देते. राजपुत्राशी नाही, राजाशी तुझं लग्न होईल. राणी होशील, पण तुझ्याहून तरुण, तुझ्याहून देखणी अशी दुसरी येईल आणि तुला प्रिय असलेलं सगळं हिरावून नेईल. राजाला सोळा मुलं, तुला तीन. त्यांचे मुकुट सोन्याचे आणि कफनही सोन्याचं. आणि शेवटी, न विचारता, एक शेपूट: तुझ्याच आसवांत तू बुडालीस की वालोंकार तुझ्या गोऱ्यापान गळ्याभोवती हात आवळून तुझा जीव घेईल.

आता एक संपादकी निरीक्षण. म्हातारी सगळं साध्या बोलीत सांगते आणि नेमका एकच शब्द परक्या भाषेत टाकते. लेखक असं करतो तेव्हा त्या शब्दावर बोट ठेवायचं. तिथे काहीतरी लपवलेलं असतं.

सर्सीला त्या शब्दाचा अर्थ नंतर एका सेप्टाकडून, म्हणजे धर्मशिक्षिकेकडून, कळतो: उच्च व्हॅलिरियन या जुन्या भाषेत वालोंकार म्हणजे धाकटा भाऊ. सर्सी ताबडतोब ठरवते, टिरियन. इथेच तिने दोन गोष्टी स्वतःच्या पदरच्या घातल्या. एक, मॅगी ‘तुझा’ धाकटा भाऊ म्हणालीच नव्हती. दोन, धाकटा भाऊ एकच आहे असं सर्सीने गृहीत धरलं. जेमी तिचा जुळा, पण तिच्या पाठोपाठ, तिची टाच हातात धरून जन्मलेला. म्हणजे काही मिनिटांनी का होईना, धाकटा. आयुष्यभर ‘आम्ही दोघं एकच’ असं म्हणत आलेल्या बाईला आपला जुळा आपल्याहून वेगळा आहे, धाकटा आहे, हे सुचतच नाही. माझ्या मते भविष्यवाणीतला खरा डाव हाच आहे. शब्दाचा अर्थ तिला बरोबर कळला. आरशातला माणूस मात्र तिने यादीतून वगळला.

या बाबतीत आपल्याला कंस आठवायला हवा. बहिणीचा रथ हाकताना आकाशवाणी झाली, देवकीचा आठवा पुत्र तुझा काळ. कीर्तनात पुढे नारद येतो, आठ पाकळ्यांचं कमळ दाखवतो आणि विचारतो, मोजायला कुठून सुरुवात करशील? कुठलीही पाकळी आठवी ठरू शकते. कंसाने अर्थ पसरवला आणि सगळीच बाळं मारली. सर्सीने उलट केलं, अर्थ आवळून एका माणसापुरता केला आणि खरं संकट शेजारी घेऊन झोपली. दोघांची चूक विरुद्ध दिशेची, पण फळ एकच: वाचायच्या धडपडीने दोघांनीही आपल्याच घरातली माणसं शत्रू करून ठेवली.

पण इथे एक सावधगिरी. “भविष्यवाणीमुळे सर्सी टिरियनचा द्वेष करू लागली” हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की आता ते खरंच वाटायला लागलं आहे. ते खरं नाही. टिरियन कथेतल्या कालगणनेत 273 सालचा, त्याला जन्म देताना आई जोआना गेली. तिसऱ्या पुस्तकात डॉर्नचा राजपुत्र ओबेरिन सांगतो की तो लॅनिस्टरांच्या कॅस्टर्ली रॉक किल्ल्यावर गेला असताना त्याला ते तान्हं बाळ दाखवलं, तेव्हा सर्सीने बाळाला चिमटून रडवलं आणि जेमीने तिला थांबवलं. सर्सी तेव्हा जेमतेम सात वर्षांची. मॅगीचा तंबू 276 सालचा. म्हणजे द्वेष आधी, भविष्यवाणी नंतर. मॅगीने द्वेष निर्माण केला नाही, त्याला कारण पुरवलं. आणि त्या छोट्याशा प्रसंगात तिघंही भावंडं कशी उभी आहेत ते बघा: एक रडतंय, एक चिमटे काढतेय, एक तिचा हात धरून म्हणतोय, पुरे. पुढच्या चार हजार पानांत या तिघांची मांडणी फारशी बदलत नाही. बदलते ती जेमीची सहनशक्ती.

मग ‘धाकटा भाऊ’ की ‘धाकटी बहीण’ हा वाद. चौथ्याच पुस्तकात म्हातारा विद्वान मेस्टर एमन मरणपंथाला लागलेला असताना म्हणतो की आपण हजार वर्षं भाकितातल्या राजपुत्राची वाट बघत बसलो, पण चूक भाषांतरातली होती. ड्रॅगन ना नर ना मादी. यावरून लोकांनी तर्क लढवला: व्हॅलिरियनमध्ये ‘राजपुत्र’ शब्दाला लिंग नसेल, तर वालोंकारलाही नसेल, मग ड्रॅगनवाली राणी डेनेरिस काय आणि आर्या काय, कुणीही चालेल.

मराठी वाचकाला ही गंमत पटकन कळायला हवी, कारण आपल्या भाषेत तिची सोय आहे. “धाकटं भावंड तुझा गळा आवळेल.” या वाक्यात मारेकरी बाई की बुवा, शोधून दाखवा. भावंड नपुंसकलिंगी आणि भविष्यकाळाचं ‘आवळेल’ तिन्ही लिंगांना सारखं. मॅगी मराठीत बोलली असती तर अर्ध्या थिअऱ्या व्याकरणानेच पोसल्या असत्या.

पण मूळ इंग्रजी वाक्यात वालोंकारच्या हातांसाठी पुल्लिंगी सर्वनाम आहे, ‘त्याचे’ हात. स्त्री-थिअरीवाले हे सोयीस्कर विसरतात. त्यांची बाजू घेऊन बोलायचं तर एकच मुद्दा उरतो आणि तो फालतू नाही: हे सगळं आपण सर्सीच्या आठवणीतून ऐकतो, तेही बऱ्याच अंशी स्वप्नातून. मार्टिनच्या पुस्तकांत आठवणी फसवतात. आर्याची बहीण सान्सा हिला हाउंडने आपला मुका घेतल्याचं आठवतं. तो प्रसंग मागे जाऊन वाचला तर मुका नाही. तेव्हा ‘त्याचे’ हे मॅगीचं सर्वनाम की सर्सीचं, असा संशय घ्यायला जागा आहे. मालिकेसाठी डेव्हिड पीटरसनने व्हॅलिरियन भाषा उभी केली, तिच्यात धाकट्या बहिणीला वेगळा शब्द आहे, ‘हाएदार’. म्हणजे तिथे तरी वालोंकार हा भाऊच. पण पीटरसनचं व्याकरण मार्टिनवर बंधनकारक नाही. तो पुरावा कुणी आणला तर मी निम्माच धरतो.

आर्या, सँडॉर वगैरे उमेदवारांबद्दल थोडक्यात. सँडॉर हा ग्रेगोरचा धाकटा भाऊ, टॉमेन हा जॉफ्रीचा, स्टॅनिस सर्सीच्या नवऱ्याचा, राजा रॉबर्टचा, केव्हन तर टायविनचाच (आणि पाचव्या पुस्तकाच्या शेवटी तो बिचारा स्वतःच मेला). कथेतल्या वेस्टेरॉस खंडात धाकटे भाऊ पैशाला पासरी. थिअरी शब्दात बसते का, ही पहिली चाळणी. ती फार मोठ्या भोकांची आहे, तिच्यातून सगळेच खाली पडतात. दुसरी चाळणी मी वापरतो ती अशी: हे हात गळ्याभोवती आले तर वाचकाला वाटलं पाहिजे की पहिल्या पुस्तकापासून ते तिकडेच सरकत होते. आर्याने (ती चेहरे बदलायला शिकते) जेमीचा चेहरा लावून सर्सीला मारणं ही हुशार जादू आहे. पण जादूगाराने टोपीतून ससा काढला, याहून जास्त त्यात काही नाही. आर्या आणि सर्सीमध्ये वैर आहे, नातं नाही. भावंडांची भविष्यवाणी परक्याने पुरी केली तर ती शब्दकोडं होऊन बसते.

मार्टिनच्या भविष्यवाण्या खऱ्या होतात का? होतात, पण ‘नरो वा कुंजरो वा’च्या चालीने. दुसऱ्या पुस्तकातला जोजेन रीड घ्या. त्याला स्वप्नात दिसतं की समुद्र स्टार्कांच्या विंटरफेल किल्ल्यात शिरला आहे आणि काही माणसं बुडालेली आहेत. समुद्र शेकडो मैल दूर. एलबेली नावाचा पहारेकरी इतका धसका घेतो की आंघोळच सोडतो. आले ते आयर्न बेटांवरचे दर्यावर्दी लोक, त्यांच्या हातून तो मेला. समुद्र आलाच, फक्त माणसांच्या रूपाने. त्याच जोजेनला पुढे ब्रॅन आणि रिकन या स्टार्क भावांचे सोललेले चेहरे दिसतात. चेहरे सोलले गेले, पण ती होती गिरणीवाल्याची दोन पोरं. भावंडांचं मरण खरं ठरलं, भावंडं बदलली. ही दोन्ही उदाहरणं मला मॅगीपेक्षा महत्त्वाची वाटतात, कारण ती पूर्ण झालेली आहेत. लेखकाची सवय पूर्ण झालेल्या भविष्यांतून कळते, अपुऱ्यांतून फक्त आपली हौस कळते. टिरियनच्या तोंडी तर मार्टिनने घातलंच आहे की भविष्यवाणी म्हणजे अर्धवट शिकवलेलं खेचर. भरवसा ठेवलात की डोक्यात लाथ.

ही सवय त्याने इतिहासातून उचलली आहे. गुलाबांच्या युद्धातल्या एका सरदाराला अमुक किल्ल्याच्या तटाखाली मरण आहे असं सांगितलेलं असतं, तो आयुष्यभर किल्ला टाळतो आणि शेवटी मरतो ते एका खानावळीच्या दारात, जिच्या पाटीवर किल्ल्याचं चित्र असतं: हा किस्सा मार्टिनने मुलाखतीत सांगितला आहे. तो सरदार म्हणजे सॉमरसेटचा ड्यूक, लढाई 1455 ची, सेंट आल्बन्सची. शेक्सपिअरनेही ती आख्यायिका वापरली.

हे लक्षात घेऊन पुन्हा जेमीकडे. त्याच्या विरुद्धचा सगळ्यात जड आक्षेप: मॅगी ‘हात’ अनेकवचनात म्हणते आणि जेमीचा उजवा हात तिसऱ्या पुस्तकात तुटला. एका हाताने गळा कसा आवळणार? पण चौथ्या पुस्तकात त्याला सोन्याचा हात मिळतो. आता टिरियनकडे बघा. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी तो आपल्या प्रेयसीचा, शेचा, गळा आवळतो तो कशाने? राजाच्या ‘हँड’ची, म्हणजे मुख्य कारभाऱ्याची, जी माळ असते तिने, सोन्याचे हात एकात एक गुंफलेली माळ. त्या वेळी त्याच्या डोक्यात गाण्याची ओळ घोळत असते, सोन्याचे हात नेहमी थंड असतात अशा अर्थाची. आवळलेला गळा, सोन्याचे हात, लॅनिस्टर धाकटा भाऊ. चौथ्या पुस्तकात मॅगीचे शब्द आपल्या कानी पडण्याआधीच मार्टिनने प्रसंगाची एक तालीम करून घेतली आहे, दुसऱ्या भावाकडून आणि दुसऱ्या बाईवर. एखादी प्रतिमा एकदा अशी पूर्ण वापरली की चांगला लेखक ती त्याच पात्राकडून जशीच्या तशी पुन्हा करवत नाही. ती फिरवून दुसऱ्याच्या हातात देतो. म्हणून टिरियन मला पटत नाही. शिवाय त्याने सूड घेण्याच्या इतक्या जाहीर शपथा घेतल्या आहेत की तो खुनी निघाला तर आश्चर्य कसलं?

पण टिरियनला मोकळंही सोडता येत नाही. कैदेतून सुटताना जेमी त्याला त्याच्या पहिल्या बायकोबद्दलचं, टायशाबद्दलचं सत्य सांगतो आणि चवताळलेला टिरियन उलट फेकतो की तुझी लाडकी बहीण लॅन्सेलबरोबर, ऑसमंड केटलब्लॅकबरोबर आणि काय सांगावं, विदूषक मूनबॉयबरोबरसुद्धा झोपत होती. ते वाक्य चौथ्या पुस्तकभर जेमीच्या डोक्यात घुमत राहतं. तो प्रवासात असताना, जेवताना, काहीही करताना ते मध्येच वर येतं. शेवटी सर्सीचं पत्र येतं, ये, मला वाचव, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि जेमी ते जाळायला सांगतो. त्या आगीला काडी टिरियनने लावली होती. गळ्याभोवती हात जेमीचे येतील, पण त्यांतलं बळ टिरियनच्या जिभेचं असेल. वालोंकार एकच का धरायचा? एका भावाची जीभ, दुसऱ्याचा हात. ‘तुझा’ शब्द गाळण्याचं कारणही कदाचित हेच असेल. हे माझं अनुमान आहे, पुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नाही.

‘का’ हा प्रश्न मात्र सुटत नाही तोवर जेमी-थिअरी अर्धवटच. मत्सराने मारलं असं म्हणणं मला हलकं वाटतं. जेमीने आधी एक राजा मारलेला आहे. सगळं शहर वाइल्डफायर नावाच्या ज्वालाग्राही द्रवाने जाळायला निघालेल्या राजा एरिसला त्याने तलवारीखाली घातलं आणि त्याबद्दल जन्मभर ‘किंगस्लेयर’ (राजाचा मारेकरी) म्हणून थुंका झेलला. सर्सी चौथ्या पुस्तकात काय करते? हँडचा मनोरा वाइल्डफायरने जाळते आणि त्या हिरव्या ज्वाळांकडे बघताना सुखावते. जेमी शेजारी उभा असतो आणि त्याला एरिस आठवतो. सगळी मुलं गेल्यावर, ‘आसवांत बुडाल्यावर’, तिच्या हाती हाच पदार्थ आला तर जेमीला तोच निर्णय दुसऱ्यांदा घ्यावा लागेल. पहिल्यांदा राजा, दुसऱ्यांदा आपलं अर्धं अंग. म्हणूनच मॅगीच्या वाक्यातला आसवांचा भाग सोडून देणाऱ्या थिअऱ्या मी फार गांभीर्याने घेत नाही. क्रम सांगितलेला आहे: आधी मुलं, मग आसवं, मग गळा. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी तिच्या तीन मुलांपैकी जॉफ्री मेलेला आहे, मर्सेला आणि टॉमेन अजून जिवंत आहेत.

मालिकेबद्दल विचारलं आहे म्हणून. 2015 मध्ये पाचव्या पर्वाच्या सुरुवातीला मॅगीचा प्रसंग दाखवला, पण वालोंकारचा भाग त्यात घेतलाच नाही. 2019 मध्ये सर्सी आणि जेमी ढिगाऱ्याखाली एकमेकांच्या मिठीत मेली. मालिकेने जे वचन दिलं नव्हतं ते मोडलं म्हणून तिला दोष देता येणार नाही, आणि तिच्यावरून पुस्तकाचा शेवटही ठरवता येणार नाही. एक मात्र मान्य करायला हवं. तिसऱ्या पुस्तकात जेमी मनाशी म्हणतो की आम्ही एकत्र जन्मलो तसे एकत्र मरू. मालिकेने भविष्यवाणी टाकली आणि ही ओळ ठेवली. पुस्तकात दोन्ही एकाच वेळी खऱ्या होऊ शकतात.

आता ज्या मैत्रिणीबद्दल कुणी थिअरी करत नाही तिच्याबद्दल. मेलारा हेदरस्पून. तंबूतून न पळालेली दुसरी मुलगी. तिने विचारलं, माझं जेमीशी लग्न होईल का? मॅगी म्हणाली, जेमीशी नाही, कुणाशीच नाही. तुझं मरण आज इथे तुझ्याजवळच आहे. मेलारा विहिरीत बुडून मेली. सर्सीने ढकललं असं मार्टिन सरळ लिहीत नाही, पण जेमीवर डोळा ठेवल्याबद्दलचा सर्सीचा राग आणि विहिरीतल्या किंकाळ्यांची आठवण एवढं आपल्याला देतो. तसं असेल तर मॅगीचं पहिलं भविष्य दहा वर्षांच्या सर्सीने स्वतःच्या हातांनी खरं केलं आणि मग उरलेल्यांवर तिचा विश्वास बसला. वालोंकारचा अर्थ तिने सेप्टाला कधी विचारला? मेलारा बुडाल्यानंतर.

नवी पुस्तकं आली की मी कुठे बघणार, तेही सांगतो. ‘द विंड्स ऑफ विंटर’ अजून प्रकाशित झालेलं नाही. पाचव्या पुस्तकात जेमी शेवटचा दिसतो तो स्त्री-योद्धा ब्रिएनबरोबर जाताना. स्टार्क मुलगी सापडली, हाउंडकडे आहे, एकट्याने चल, असं ती त्याला सांगते आणि तो निघतो. आपल्याला ठाऊक आहे की वाटेच्या टोकाला लॅनिस्टरांना फासावर देणाऱ्या लेडी स्टोनहार्टचा दोर असणार. जेमी तिथेच लटकला तर माझी सगळी थिअरी त्याच्याबरोबर लटकली. आणि नाही लटकला तर मॅगीचं दुसरं वाक्य पुन्हा काढून वाचा, ते ‘तरुण आणि देखणी’ असलेल्या दुसरीचं. सर्सीने ते आपल्या सुनेवर, मार्जरीवर ढकललं, वाचकांनी डेनेरिसवर. जेमीला बोलवायला आलेली मुलगी सर्सीहून बरीच तरुण आहे आणि लोक तिला थट्टेने ‘ब्रिएन द ब्यूटी’ म्हणतात.